नमुना चौदा-ब

नारळ फुटला आणि त्याच क्षणी स्क्रिप्ट थांबली.

"पाणी उडालं का आत?" उपकुलसचिव चिंचोळकर साहेबांनी विचारलं. फोडणारे तेच होते, त्यामुळे आवाजात थोडी काळजी होती.

मोहरील सर संगणकाच्या पडद्याकडे वाकले. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, परत लावला. पडद्यावरची ओळ तशीच होती.

आमच्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागात उन्हाळी निकालाला नारळ फोडायची पद्धत होती. निकाल लावायचं काम एक स्क्रिप्ट करायची. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाने एकामागून एक काय काय करायचं याचा लिहून ठेवलेला हुकूमनामा. चौदाशे ओळींचा हा हुकूमनामा मोहरील सरांनी एकट्याने लिहिला होता. निकालाच्या दिवशी सर्व्हरला हळदकुंकू, टेबलाच्या पायथ्याशी एक दगड, दगडावर साहेबांचा नारळ आणि त्याच मुहूर्तावर सरांचं एंटर. नारळ फुटल्यावर स्क्रिप्टच्या एका अक्षरालाही कोणी हात लावायचा नाही. हा नियम विद्यापीठ कायद्यात नव्हता, म्हणूनच तो पाळला जायचा.

सरांचा हा शेवटचा निकाल होता. तीस जूनला ते निवृत्त होणार होते. मी त्यांच्या हाताखाली अकरा महिन्यांच्या करारावर होतो, वय चोवीस.

"काय म्हणतंय ते?" साहेबांनी विचारलं.

"ओळ तीनशे एक्केचाळीस," सर म्हणाले. "या नावाचं काही नाही, म्हणतंय."

"कोणाच्या नावाचं?"

"क्रीडा गुणांच्या."

मी घसा साफ केला. "सर, मी काल एक ओळ टाकली होती. सगळ्यात वर."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. खिडकीवर बसणाऱ्या घोंगेताईंनी प्रसादासाठी उचललेला नारळाचा तुकडा परत ताटलीत ठेवला.

त्या ओळीबद्दल सांगायला हवं. ही स्क्रिप्ट ज्याच्या हवाली केलेली असते त्याला शेल म्हणतात, आणि शेल हा अत्यंत भिडस्त प्राणी आहे. स्क्रिप्टमध्ये आपण गोष्टींना नावं देतो. हे लेखी गुण, हे क्रीडा गुण, ही पास होण्याची मर्यादा. पुढे तेच नाव लिहिताना बोट घसरलं, एखादं अक्षर जास्तीचं पडलं, तर शेल विचारत नाही की बाबा, तू कोण? लग्नात मुलीकडच्यांना वाटतं मुलाकडचा असेल आणि मुलाकडच्यांना वाटतं मुलीकडचा, तसं करून तो या अनोळखी नावालाही पंगतीत बसवतो. फक्त पाहुणा रिकाम्या हाताने आलाय असं धरतो. बेरजेत त्याचं शून्य मांडतो आणि पुढे जातो. चूक झाल्याचं कोणाला कळत नाही, कारण काही बिघडलेलं दिसतच नाही.

यावर उपाय एका ओळीचा. स्क्रिप्टच्या डोक्यावर सेट, मोकळी जागा, डॅश, यू एवढं लिहिलं की शेलची भीड मोडते. अनोळखी नाव दिसलं की तो जागीच थांबतो आणि नाव घेऊन ओरडतो.

ही ओळ मला सरांनीच शिकवली होती. "नवीन लिहिशील त्या प्रत्येक स्क्रिप्टला ही पहिली ओळ. तुझ्या बोटांचा भरवसा नाही."

"आणि जुन्यांना, सर?"

"जुन्या चालून दाखवलेल्या आहेत."

आदल्या दिवशी मी ती ओळ गुपचूप मोठ्या स्क्रिप्टवर चढवली. काही सापडेल असं मला मुळीच वाटलं नव्हतं. सरांच्या निरोप समारंभात मला बोलायचं होतं आणि मुद्दा नव्हता. चौदाशे ओळी आणि एक चूक नाही, हे टाळ्यांचं वाक्य मला पुराव्यासकट हवं होतं.

"मागच्या वर्षी ही चालली होती?" साहेबांनी मला विचारलं.

"हो, साहेब."

"त्याच्या मागच्या वर्षी?"

"हो."

"तेव्हा ही वरची ओळ होती?"

"नव्हती."

"मग चूक कुठे आहे, तुम्हीच सांगा, काळमेघ."

"चूक आधीपासूनच आहे, साहेब. या ओळीने फक्त दाखवली."

"दाखवायला सांगितलं होतं कोणी?"

चार वाजता निकाल जाहीर व्हायचा होता. कुलगुरू पेढा खाताना फोटो काढून घेणार होते. सर खालच्या आवाजात म्हणाले, "तुषार, काढ ती ओळ."

मी काढली. घोंगेताईंनी विचारलं, दुसरा नारळ लागेल का? यावर थोडी चर्चा झाली. पहिलाच अजून लागू आहे असं ठरलं. सरांनी एंटर दाबलं आणि स्क्रिप्ट भरधाव गेली. तीनशे एक्केचाळिसावी ओळ तिने कधी ओलांडली ते कळलंसुद्धा नाही.

माझं मात्र त्या ओळीपाशीच अडलं होतं, कारण माझा दादा.

दादा म्हणजे विलास, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. विद्यापीठाच्या खो-खो संघात होता. खांबावर झेप घेऊन गडी मारायचा तेव्हा बघणारे स्वतःचे गुडघे धरायचे. त्याच संघात गोपाल काळे. दोघं एका वर्गात, आणि काळमेघनंतर काळे येत असल्यामुळे परीक्षेलाही पुढेमागे. दोन हजार सहा साली दोघं बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला नापास झाले. दादा चार गुणांनी, गोपाल सहा गुणांनी. एकाच एसटीने घरी आले. बाबा ओट्यावर बसले होते, ते एवढंच म्हणाले, "खेळा अजून." पण नंतरची सात वर्षं ते हेच म्हणत राहिले. पाहुणे आले की ओळख करून द्यायचे, "हा मोठा, बी.एस्सी. नापास," जणू आमचं आडनावच ते. दादा आणि गोपालने तालुक्याला पंपांच्या जळलेल्या मोटारींना नवी तार भरून द्यायचं दुकान टाकलं. पाटीवर दोघांची नावं. खो-खोच्या मैदानाकडे दोघंही परत फिरकले नाहीत.

आणि विद्यापीठाकडून खेळलेल्या मुलाला पास व्हायला कमी पडले तर दहापर्यंत क्रीडा गुण देतात, एवढं मला नोकरीत लागल्यावर कळलं होतं. दहापर्यंत. दादाला चार हवे होते.

निकाल लागला, पेढे संपले, मी घोंगेताईंच्या खिडकीशी गेलो.

"ताई, क्रीडा गुण कसे मिळतात?"

"चौदा-ब भरून."

"आणि ज्याने नाही भरला?"

"त्याला नको असतील."

त्यांनी खणातून फॉर्म काढून दिला. नमुना चौदा-ब, क्रीडा गुण मिळणेबाबत अर्ज. चौदा-अ काय आहे विचारलं तर म्हणाल्या, सायकल स्टँडचा पास.

"ताई, नियमात तर अर्जाचं काही नाही. मी आत्ताच वाचला. गुण आपोआप मिळाले पाहिजेत."

"असं कसं आपोआप? अकरा वर्षं मी स्वतः देते आहे ना!" ताई दुखावल्या. "पहिल्या वर्षी पोरं आली रडत, आमचे गुण लागले नाहीत म्हणून. आम्ही हाताने लावले. दुसऱ्या वर्षी परत आली. मी म्हटलं साहेबांना, दरवर्षीचं आहे हे, फॉर्म छापून घेऊ. मीच टाइप केला. कोणाला रिकाम्या हाताने पाठवलं नाही बघा कधी. जो आला, त्याला दिलं."

त्या खरं बोलत होत्या. इतक्या खऱ्या चेहऱ्याची बाई त्या इमारतीत दुसरी नव्हती. सरांच्या हातून पडलेल्या एका अक्षराने गुण गडप होत होते, पोरं येत होती, ताई मायेने हाताने लावत होत्या, आणि बघता बघता त्या चुकीला नंबर मिळाला, फॉर्म मिळाला, फाइल मिळाली. अकरा वर्षांत ती नियम होऊन बसली. शहरातल्या कॉलेजांच्या क्रीडा शिक्षकांच्या कपाटात चौदा-बचे गठ्ठे असायचे. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात क्रीडा शिक्षकच नव्हता. खो-खो मराठीचे सर शिकवायचे.

दुसऱ्या दिवशी मी स्क्रिप्टची वेगळी प्रत घेतली, ते अक्षर काढलं आणि अकरा वर्षांच्या जुन्या निकालांवर ती पुन्हा चालवली. अर्ध्या तासात यादी आली. नियमाने पास, निकालात नापास आणि चौदा-ब न भरलेले. चारशे बारा जण. काळमेघ विलास एकशे सत्त्याऐंशीवा. काळे गोपाल एकशे अठ्ठ्याऐंशीवा.

सरांनी यादी बसून वाचली. मला वाटलं चाळतील, पण ते एकेक नाव वाचत होते, ओठ हलवत. मधे एकदा उठून माठातलं पाणी प्यायले आणि पुन्हा त्याच नावापासून सुरू केलं.

"निरोपाची शाल घेणार नाही असं म्हणणं सोपं आहे," शेवटी म्हणाले. "त्याने यांचं काय भलं होणार? चल, साहेबांकडे जाऊ."

चिंचोळकर साहेबांच्या केबिनमध्ये सर बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "चूक माझी आहे. लेखी देतो. यांचे निकाल दुरुस्त व्हायला हवेत."

साहेबांनी यादी हातात घेतली, वजन केल्यासारखी. "मोहरील, सदतीस वर्षं झाली तुमची. जरा बाहेर बसता? काळमेघांशी बोलतो."

सर गेले. साहेबांनी माझ्यासाठी चहा मागवला. करारावरच्या माणसाला त्या केबिनमध्ये चहा मिळाल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं.

"चारशे बारा," साहेब म्हणाले. "उद्या वर्तमानपत्रात येईल. परवा चारशे बारा वकील येतील. गुणवत्ता याद्या बदलतील. त्या याद्यांवर नोकऱ्या लागलेत लोक, लग्नं झालीत. नियमात नसलेला फॉर्म छापला कोणी, हे विचारतील. छापला घोंगेताईंनी. त्यांच्या पेन्शनला तीन वर्षं आहेत. त्यांना घरी पाठवायचं?"

"नाही, साहेब. पण निदान यंदापासून ते अक्षर..."

"यंदा दुरुस्त केलं तर विचारतील, मागच्या वर्षी काय होतं? चुकीचं एक असतं काळमेघ, ती सारखी होत राहिली की कोणावर अन्याय होत नाही. सगळ्यांना तीच लागू असते."

मी कप उचलला. चहात साय होती.

साहेबांचं बोट यादीवरून खाली सरकत थांबलं. "हा काळमेघ कोण?"

"माझा भाऊ."

"मोठे?"

"हो."

"काय करतात?"

"मोटारी भरतो."

"मग आधी सांगायचं ना!" साहेब खरोखर हळहळले. त्यांनी घंटी वाजवली. "ताई, दोन हजार सहाच्या जुलैचं आवक रजिस्टर आणा."

आवक रजिस्टर म्हणजे रोज आलेल्या अर्जांची वही. ताईंनी ते लाल कापडी पाठीचं रजिस्टर टेबलावर उघडलं. प्रत्येक दिवसाच्या नोंदी संपल्यावर खाली दोन ओळी कोऱ्या, मग दुसरा दिवस. नंबरसुद्धा ते दोन सोडून पुढे गेलेले.

"या कोऱ्या का, ताई?" मी विचारलं.

"ठेवाव्या लागतात," ताई म्हणाल्या. "माणूस आहे. कोणाचं कधी राहून जातं."

"भावाचा चौदा-ब भरून आणा," साहेब म्हणाले. "तारीख जुलै दोन हजार सहाची. नोंद ताई घेतील. अर्ज वेळेत आला होता, कार्यालयाकडून कार्यवाही राहिली, असा शेरा मी मारतो. महिन्याभरात मार्कशीट हातात."

"आणि बाकीचे, साहेब?"

"बाकीच्यांचे भाऊ आहेत का इथे नोकरीला?"

मी मनात हिशेब मांडला. दिवसाला दोन ओळी, वर्षाला अडीचशे दिवस, अकरा वर्षं. साडेपाच हजार कोऱ्या ओळी. चारशे बारा जणांना पुरून कितीतरी उरल्या असत्या.

गोपालचं नाव दादाच्या बरोबर खाली होतं. साहेबांचं बोट जवळजवळ त्याच्यावरच टेकलेलं होतं. मी ते घेतलं नाही. दोन मागितले तर एकही मिळणार नाही, अशी भीती वाटली. असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

"आणि ही यादी," साहेब म्हणाले, "तुमच्या मशीनवर असेल ना? काढून टाका. उगाच जागा खाते."

यादी एकोणीस किलोबाइटची होती. त्या मशीनवर साहेबांच्या नातवाच्या बारशाचे फोटोच तिच्या हजारपट जागा खात होते.

बाहेर बाकावर मोहरील सर बसले होते. मी म्हणालो, "बघतो म्हणाले." सर मान हलवून उठले. सदतीस वर्षं सरकारी कामात काढलेल्या माणसाला 'बघतो' कळायला वेळ लागत नाही.

रविवारी तालुक्याला गेलो. दुकानात दादा तांब्याच्या तारेचं वेटोळं भरत होता आणि गोपाल मोटारीचं झाकण ठोकून बसवत होता.

"आला विद्यापीठवाला!" गोपाल ओरडला. "काय बे तुष्या, नारळ फुटला का नाई औंदा?"

"फुटला, गोपालभाऊ."

"मंग आमाले परसाद नाई आनला? नापासाईले चालत नाई काय परसाद?"

तो खो खो हसला. सात वर्षं तो हा विनोद वेगवेगळ्या मापांत करत आला होता. मी दादाला म्हटलं, जरा चहाला चल. गोपालला चल म्हटलं नाही. त्याला काही वाटलं नाही, तो झाकण ठोकत राहिला.

टपरीच्या बाकावर मी फॉर्म काढला.

"हे काय हाय?"

"सही कर, दादा. तारीख म्या टाकली हाय, सहा सालची."

"कायची सही?"

मी सांगितलं. अक्षर सांगितलं, शून्य सांगितलं, चौदा-ब सांगितला.  दादाच्या कपातल्या चहावर साय धरली.

"म्हंजे मी नापास नोयतो," शेवटी म्हणाला.

"नोयता."

"सात वर्सं."

"हाव."

"बाबाले सांगतलं?"

"मार्कशीट आली का सांगू."

त्याने बोटांचं काळं पँटला पुसलं आणि पेन घेतला. मग थांबला. "अन् गोप्या? त्याचं नाव हाय त्या लिस्टीत?"

"हाय."

"मंग त्याची सही कावून नाई घेत?"

"एकच होते, दादा."

"कोन म्हनते?"

"सायेब म्हनतात."

"तू इचारलं त्याईले? गोप्याचं?"

दुकानातून ठोकण्याचा आवाज येत होता. दादा माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "हाव, इचारलं."

दादाने सही केली.

जूनच्या तीस तारखेला सरांना शाल आणि श्रीफळ मिळालं. माझ्या भाषणात चौदाशे ओळी होत्या, 'एक चूक नाही' हे मी गाळलं. टाळ्या तरीही पडल्या. नंतर जिन्यात सरांनी मला गाठलं. शाल घडी करून पिशवीत घातलेली होती.

"यादी आहे ना तुझ्याकडे? घरी बसून एकेकाला पत्र टाकीन म्हणतो. पत्ते कॉलेजांकडून मिळतील. रोज दहा लिहिली तरी दीड महिन्यात होतील."

"पुसली, सर."

सर माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं रागावतील. ते शिकवायच्याच आवाजात म्हणाले, "पुन्हा चालव. अर्ध्या तासाचं काम आहे."

"हो, सर."

दिवाळीत त्यांचा एकदा फोन आला, संक्रांतीला एकदा. मी दोन्ही वेळा वेळ झाला नाही म्हणालो. मग फोन आला नाही. फेब्रुवारीत मी कायम झालो. दोन वर्षांनी शेल, स्क्रिप्ट सगळं मोडीत निघालं आणि एका कंपनीची नवी प्रणाली आली. टेंडरमध्ये कलम होतं की नव्या प्रणालीचे निकाल जुन्या प्रणालीशी तंतोतंत जुळले पाहिजेत. कंपनीची पोरं हुशार होती. त्यांनी शून्यही जुळवून दाखवलं. त्या जुळणीवर सही माझी आहे.

पण मला सांगायचं होतं ते दादाचं.

मार्कशीट आली त्या दिवशी बाबांनी गावभर पेढे वाटले. कसं झालं, का झालं, हे एका शब्दानं विचारलं नाही. नापास हा शब्द त्यांनी जसा सात वर्षं वापरला तसाच तो एका दिवसात टाकून दिला. "हा मोठा, बी.एस्सी.," ते पाहुण्यांना सांगू लागले.

गोपालला गावातूनच कळलं. त्याने दुकानात येऊन दादाला कमरेला धरून वर उचललं. "साल्या! लपून परीक्षा देली? मले पत्ता नाई लागू देला!" दादाने गुपचूप परीक्षा दिली आणि पास झाला, असंच त्याने धरून घेतलं. दुसरं काही असू शकतं हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. दादाने ते तसंच राहू दिलं. काय बोलणार होता?

दुसऱ्या दिवशी गोपालने पेंटर बोलावला. दुकानाच्या पाटीवर दादाच्या नावापुढे त्याने स्वतः उभं राहून बी.एस्सी. लिहून घेतलं, पिवळ्या रंगात. पेंटरने विचारलं, तुमच्या नावापुढे काय लिहू? गोपाल म्हणाला, "मोकळी ठेव जागा. म्या बी देतो औंदा." आणि खरंच पुस्तकं काढून बसला, तिशी ओलांडलेला माणूस, मोटारी भरता भरता. जुन्या अभ्यासक्रमाची परीक्षा केव्हाच बंद झाली होती. ते त्याला कॉलेजात जाऊन कळलं.

दादा तीन महिने त्या पाटीखालून आत गेला आणि बाहेर आला. चौथ्या महिन्यात त्याने दुकान सोडलं. कारण सांगितलं नाही. हत्यारं, गिऱ्हाइकं सगळं गोपालला ठेवून दिलं आणि दुसऱ्या तालुक्याला कापसाच्या जिनिंगमध्ये मोटारी बघायला लागला. पदवीचा तिथे उपयोग नव्हता, सरकारी भरतीचं वय उलटत चाललं होतं. गोपाल दोनदा घरी आला, दादा मागच्या दाराने शेतात गेला. गावाने निकाल लावला की पोरगा शिकला आणि दोस्ताले विसरला. बाबाही तेच म्हणायचे, किंचित अभिमानाने.

माझ्याशी दादा बोलतो. सणाला जेवण वाढलं की वाढणारीला म्हणतो, याले अजून वाढ. एवढंच.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी सुट्टी संपवून परत निघालो होतो. एसटी स्टँडवर गोपाल भेटला. केस पिकायला लागले होते. इकडचं तिकडचं झालं. लग्नसराई, उन्हं, लाइटचे हाल. गाडी फलाटाला लागत होती आणि माणसं धावायला लागली होती, तेव्हा त्याने माझ्या दंडाला धरलं.

"तुष्या, एक इचारू? तू त्याच्या घरचा हायेस. माह्यं काय चुकलं बे?"

मी त्याच्याकडे बघितलं. सांगायला अर्धा तास लागला नसता, दोन मिनिटं पुरली असती.

"तुह्यं काई नाई चुकलं, गोपालभाऊ," मी म्हणालो. "दादाचा सोभावच तसा."

"नाई बे," तो म्हणाला. "पह्यले नोयता तसा."

गाडी उभी राहायच्या आधीच त्याने झेप घेतली. खिडकीच्या दांडीला एका हाताने लटकला, दुसऱ्या हाताने खांद्यावरचा दुपट्टा आत टाकला आणि गर्दीवर ओरडला, "रिझव हाय, रिझव हाय!" मी आत जाऊन बसेपर्यंत तो खाली उभा होता. मग मी दुपट्टा खिडकीतून त्याला परत दिला.

जागा धर म्हणून मी त्याला सांगितलं नव्हतं.